धक्का किती वेळ टिकला?

लिस्बनच्या कार्मो मठाला छप्पर नाही. तिकीट काढून आत गेलो, मान वर केली, तर दगडी कमानी एकीमागे एक उभ्या आणि त्यांच्यामध्ये नुसतं आभाळ. नोव्हेंबरचं स्वच्छ, निळं आभाळ. खाली जिथे भाविक बसायचे तिथे गवत, आणि गवतात दाणे टिपणारी कबुतरं.

ऑफिसच्या कामासाठी चार दिवस लिस्बनला आलो होतो. सोबतचे सगळे आदल्या रात्री परत गेले. माझं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. म्हणजे एक अख्खा दिवस, एक परकं शहर आणि मी एकटा. परदेशात एकट्याने फिरायची ही पहिलीच वेळ. फोनवर नकाशा उघडला आणि हॉटेलपासून सर्वांत जवळ जे दिसलं तिथे चालत निघालो. तो हा मठ.

छप्पर नसलेली जागा बघितली की मला माझे आबा आठवतात. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. १९९३ नंतर आबा आयुष्यात कधी पक्क्या छताखाली झोपले नाहीत. पुनर्वसनात मिळालेलं घर होतं, पण त्यांची खाट अंगणात. पाऊस आला तर वर पत्रा. मी लहान होतो तेव्हा मला त्यात मजा वाटायची. त्यांच्या शेजारी पडून चांदण्या मोजायच्या.

कार्मोच्या मठात उभा असताना मला हे ठाऊक नव्हतं की या शहरात एक राजाही असाच झोपला होता. आणि संध्याकाळपर्यंत मी घरी फोन करून वडिलांना असा प्रश्न विचारणार होतो, जो आमच्या घरात तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

*

१ नोव्हेंबर १७५५. शनिवार. ख्रिस्ती लोकांचा 'सर्व संतांचा दिवस', म्हणजे मोठा सण. सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमाराला लिस्बनमधली चर्च भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. पोर्तुगाल तेव्हा जगातल्या श्रीमंत राज्यांपैकी एक. ब्राझीलच्या खाणींतलं, गुलामांनी उपसलेलं सोनं या बंदरात उतरत होतं. नदीकाठच्या राजवाड्याला लागून बांधलेलं नवंकोरं ऑपेरागृह त्याच वर्षी, सातेक महिन्यांपूर्वी, सुरू झालं होतं.

मग जमीन हलली. एकदा नाही, थांबून थांबून, काही मिनिटं. आपल्याला ही 'काही मिनिटं' कळत नाहीत. फोनवर टायमर लावून तीन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. मी मठात उभा राहून बघितलं. दीड मिनिटानंतर वाटायला लागतं की आता संपायला हवं.

वाचलेले लोक मोकळ्या जागेकडे, म्हणजे तेजो नदीच्या काठाकडे धावले. साधारण पाऊण तासाने समुद्र नदीच्या मुखातून आत आला. मागे शहरात मेणबत्त्या आणि चुली उलटून आगी लागल्या होत्या, त्या पाच-सहा दिवस विझल्या नाहीत. त्या आगीत राजवाड्याचं ग्रंथालय गेलं, चित्रं गेली. भारताशी चालणाऱ्या व्यापाराचा कारभार पाहणारं 'कासा दा इंदिया' तिथेच होतं, त्याची कागदपत्रंही गेली. गोव्याचा आणि आपल्या किनारपट्टीचा किती इतिहास त्या आठवड्यात राख झाला असेल, याचा हिशेब आता लावता येत नाही. माणसं किती गेली यावर इतिहासकारांचं एकमत नाही. काही दहा हजार म्हणतात, काही त्याच्या कितीतरी पट. शहराची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास होती.

कार्मोचा मठ चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेला. भूकंपात त्याचं छप्पर कोसळलं. नंतर थोडी दुरुस्ती सुरू झाली, पण १८३४ साली देशातले मठच बंद झाले आणि काम तिथेच थांबलं. पुढे लोकांनी ठरवलं, राहू दे असंच. आज ते वस्तुसंग्रहालय आहे. अख्ख्या शहरात भूकंपाची खूण उघड्या डोळ्यांनी दिसावी अशी ही सर्वांत मोठी जागा.

सणाची रात्र, आणि मग भूकंप. हे मला नवं नव्हतं. आमच्याकडे २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपती बुडवून लोक दमून झोपले आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यात माझी आत्या होती. वडिलांची मोठी बहीण. लक्ष्म्यांसाठी माहेरी आली होती आणि गणपती बुडेपर्यंत थांबली होती. तेवीस वर्षांची.

*

मठातून उतार उतरलं की रोसिओ चौक. त्याला लागूनच साओ दोमिंगोसचं चर्च आहे. आत गेल्यावर आधी वास येतो, जुन्या जळक्या लाकडाचा. निदान मला तरी आला. १७५५ मध्ये हे चर्च कोसळलं, परत बांधलं, आणि १९५९ मध्ये जळलं. नंतर छत नवीन केलं, पण आगीने तडकलेले, फुटलेले खांब तसेच ठेवले.

मी तिथे गेलो त्याचं कारण वेगळं होतं. बाहेर चौकात एक गोल दगडी स्मारक आहे. १५०६ साली याच चर्चपासून सुरू झालेल्या कत्तलीचं. तेव्हा लिस्बनमध्ये प्लेग होता, पाऊस नव्हता, लोक हवालदिल होते. चर्चमधल्या ख्रिस्ताच्या मूर्तीवर कुणाला प्रकाश दिसला. चमत्कार, असा गलका झाला. गर्दीतला एक माणूस म्हणाला, हा मेणबत्तीचा उजेड परावर्तित झालाय. तो माणूस ज्यूंमधून सक्तीने ख्रिस्ती केलेल्यांपैकी होता. त्याला बाहेर ओढून ठार मारलं. पुढचे दिवस शहरात त्या समाजाची माणसं शोधून शोधून मारली गेली. दोन हजार तरी गेली असावीत.

स्मारकापाशी काही आफ्रिकन वृद्ध गप्पा मारत बसले होते. बाजूला चेरीची दारू विकणाऱ्या छोट्याशा दुकानापुढे पर्यटकांची रांग. मी कठड्यावर बसलो आणि त्या माणसाचा विचार करत राहिलो. त्याने काय केलं होतं? एका उजेडाचं कारण सांगितलं होतं, एवढंच. पण घाबरलेल्या गर्दीला कारण नको असतं. तिला दोषी हवा असतो.

अडीचशे वर्षांनी भूकंप झाला तेव्हाही तेच. गाब्रिएल मालाग्रिदा नावाचा एक वयस्कर जेझुइट धर्मगुरू होता, लोकांमध्ये मोठा मान असलेला. १७५६ मध्ये त्याने भूकंपाच्या 'खऱ्या कारणा'वर एक पुस्तिका काढली. त्याचं म्हणणं, भूकंप नैसर्गिक नाही, तुमच्या पापांमुळे झाला. नाटकं, नाच, बैलांच्या झुंजी. आता निवारे बांधत बसू नका, पश्चात्ताप करा.

आमच्या गावातही कुणीतरी म्हणालं असेलच. कुणी म्हणे गणपती बुडवायला उशीर केला, कुणी म्हणे तेरणेवरच्या धरणाच्या पाण्याने जमीन हलली. दुसऱ्या शंकेवर निदान शास्त्रज्ञांनी चर्चा तरी केली. पण आमच्या घरात दोषी आधीच ठरलेला होता. आबांनी तो स्वतःच ठरवला होता.

आमचं जुनं घर माळवदाचं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा असायचा म्हणतात. दर वर्षी पावसाआधी माळवदावर पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. त्या वर्षी आबांनी नेहमीपेक्षा जास्त माती टाकली होती. आणि भूकंपाच्या रात्री ते शेतात राखणीला होते.

"माती मीच टाकलो होतो," एवढंच ते म्हणायचे. "गळत होतं म्हणून टाकलो." कुणी काही विचारलेलं नसायचं. जेवताना, बाजेवर बसल्या बसल्या, मध्येच. मग गप्प. मी बारावीत असताना ते गेले, तोपर्यंत हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल.

*

रोसिओपासून नदीपर्यंतचा सगळा सपाट भाग म्हणजे बायशा. भूकंपाने आणि आगीने तो पुसला गेला आणि मग नव्याने आखला गेला. सरळ रस्ते, काटकोन, एकसारख्या इमारती, एकसारख्या खिडक्या. पहिल्यांदा त्यात शिरलो तेव्हा हसूच आलं. हे तर आमचं पुनर्वसनाचं गाव! तिथेही जुन्या गावातल्या वाकड्या बोळांच्या जागी सरळ रुंद रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा. म्हातारी माणसं म्हणायची, या गावात वाट चुकते, सगळ्या गल्ल्या सारख्याच. बायशात रस्त्यांना धंद्यांची नावं आहेत: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. निदान त्यामुळे तरी वाट चुकत नसेल.

हे शहर परत कसं उभं करायचं, याचा पहिला विचार मानुएल दा माया नावाच्या इंजिनिअरने केला. तेव्हा त्याचं वय अठ्ठ्याहत्तर. राज्याचा मुख्य इंजिनिअर तो होताच, शिवाय राज्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुखही होता. दफ्तरखाना किल्ल्याच्या बुरुजात होता. बुरूज कोसळला तेव्हा या म्हाताऱ्याने ढिगाऱ्यातून कागद काढून घेतले, तात्पुरत्या झोपड्यांत ठेवले. आणि महिनाभरात, डिसेंबरच्या सुरुवातीला, नवीन शहराविषयीच्या टिपणाचा पहिला भाग लिहून दिला.

त्यात त्याने पाच पर्याय मांडले होते. होतं तसंच बांधा. रस्ते रुंद करून बांधा. रुंद रस्ते आणि इमारतींची उंची कमी. खालचा भाग पूर्ण साफ करून नव्याने आखा. किंवा हे सोडा आणि बेलेंच्या बाजूला नवं शहर वसवा. प्रत्येकाचे फायदे-तोटे. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस आमच्या टीममध्ये हवा होता.

चौथा पर्याय निवडला गेला. एउजेनिओ दोस सांतोस आणि कार्लोस मार्देल यांनी पुढचं काम केलं. इमारतींसाठी त्यांनी आधी लाकडाचा सांगाडा उभा करायचं ठरवलं. त्याला म्हणतात 'गायोला', म्हणजे पिंजरा. खांब, आडव्या तुळया, आणि चौकोनांत फुलीसारखी तिरपी लाकडं. मग त्यात दगड-चुना भरायचा. जमीन हलली तर लाकूड लवतं. भराव पडेल कदाचित, पण सांगाडा उभा राहील. असं सांगतात की नमुना चौकात उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं, म्हणजे कृत्रिम भूकंप. खिडक्या, दारं, लोखंडी भाग ठरावीक मापांचे, आधीच बनवून आणलेले. आणि दोन घरांमध्ये छपराच्या वर जाणारी भिंत, म्हणजे एकाची आग दुसऱ्याला लागू नये.

कोरेएरोस रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन आहे. १९९० च्या दशकात दुरुस्ती करताना सापडलेलं. फुकट बघता येतं, गाइड सोबत येते. खाली रोमन काळातले मासे खारवायचे हौद आहेत. पण मी बघत राहिलो ते लाकडी खुंट. मऊ, ओल्या जमिनीत इमारतींचा पाया टिकावा म्हणून पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकले होते. गाइड म्हणाली, लाकूड पाण्यात बुडालेलं राहिलं तर कुजत नाही. वाळलं तर धोका. म्हणजे वर चकाचक दुकानं, कॉफीची यंत्रं, एटीएम, आणि खाली अडीचशे वर्षं ओली राहिलेली लाकडं हे सगळं पेलत उभी.

नंतर जेवायला एका खानावळीत शिरलो. तिथे मालकाने एका भिंतीचा गिलावा मुद्दाम काढून ठेवला होता. आत फुली. जाड, काळपट लाकडाची फुली आणि तिच्या चार त्रिकोणांत दगडविटांचा भराव. माझ्यासमोर माशाची थाळी आली, ती निवली. मी त्या फुलीकडेच बघत होतो.

कारण आमच्या घरालाही लाकडाचा सांगाडा होता! खांब होते, तुळया होत्या. इतके खण, तितके खण, असंच घर मोजायचे. नव्हतं ते फक्त तिरपं लाकूड. आणि दगडाची भिंत लाकडाला कुठे बांधलेली नव्हती, नुसती शेजारी उभी होती. भिंतही एकसंध नाही. आतला थर, बाहेरचा थर आणि मध्ये माती-गोटे. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड घातलेले नसायचे. कॉलेजात आमची ब्रँच वेगळी होती, पण किल्लारीवरचे अहवाल मी हॉस्टेलमध्ये बसून वाचले होते. तेव्हा ते मला परीक्षेच्या अभ्यासासारखे वाटले. खानावळीत पहिल्यांदा ते घरासारखे वाटले.

अजून एक गोष्ट त्या अहवालांमुळे कळली होती. १९९३ साली देशाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि आम्ही तिसऱ्या पट्ट्यात गेलो. म्हणजे आबांनी माती टाकली तेव्हा सरकारी नकाशाही सांगत होता, इथे काही होत नाही.

*

दुपारी पंधरा नंबरची ट्राम पकडून बेलेंला गेलो. सगळे जातात ते तिथल्या प्रसिद्ध पेस्ट्री खायला, वास्को द गामाची कबर बघायला. मी दोन्ही केलं. पण पेस्ट्रीच्या दुकानाशेजारी एक अरुंद बोळ आहे, तिथे कुणी फिरकत नाही. त्याचं नाव 'खारवलेल्या जमिनीची गल्ली'. आत एक दगडी खांब, त्यावर पाच कडी.

हे समजायला आपल्याला एका माणसाची ओळख हवी. सेबास्तियाँ दे कार्व्हाल्यो, पुढे पोंबालचा मार्क्विस झालेला. भूकंपाच्या वेळी तो राजाचा मंत्री होता. राजा जुझे आणि त्याचं कुटुंब त्या दिवशी बेलेंला होतं म्हणून वाचलं. पण राजाने असा धसका घेतला की पुन्हा दगडी छताखाली राहायला तयारच झाला नाही. बेलेंच्या वरच्या आजुदा टेकडीवर त्याच्यासाठी तंबू आणि लाकडी इमारती उभ्या केल्या. त्याला लोक 'शाही झोपडी' म्हणत. १७७७ मध्ये मरेपर्यंत, एकवीस वर्षांहून थोडं जास्त, राजा तसाच राहिला. आबा एकवीस वर्षं राहिले.

राजा गळून गेला आणि मंत्र्याने कारभार हातात घेतला. प्रेतांची रोगराई पसरू नये म्हणून ती होड्यांतून समुद्रात नेली. धान्याचे भाव बांधून दिले. लुटारूंसाठी उंच फाशीचे खांब उभे केले. आयातीवर चार टक्के कर बसवून शहर बांधायचा खर्च काढला. आणि १७५६ च्या सुरुवातीला त्याने देशभरातल्या धर्मगुरूंना एक प्रश्नावली पाठवली.

भूकंप किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला? एका बाजूने जास्त जोर जाणवला का? किती घरं पडली? किती माणसं मेली? समुद्र आधी वर आला की आधी मागे गेला, आणि नेहमीपेक्षा किती वितींनी? जमिनीला भेगा पडल्या का, त्यातून काय निघालं? आग लागली का? पुढे कोणते धक्के बसले? याआधीच्या भूकंपाची कुणाला आठवण आहे का?

मी हे प्रश्न ट्राममध्ये फोनवर वाचले आणि परत वाचले. यात 'का' नाही. 'कुणामुळे' नाही. देवाचा राग, पाप, शिक्षा, काही नाही. आणि ही माहिती मागितली ती धर्मगुरूंकडूनच! त्यांची उत्तरं आजही लिस्बनच्या दफ्तरखान्यात आहेत. त्यांच्यावरून आजचे शास्त्रज्ञ त्या भूकंपाची ताकद आणि उगम शोधतात. भूकंपशास्त्राची सुरुवात बरेच जण इथून मोजतात. त्याच वर्षी तिकडे तरुण कांट भूकंपावर लेख लिहीत होता, व्हॉल्तेअर कविता. पण साध्या माणसांना 'तुम्ही काय बघितलं' हे विचारलं ते या कागदाने.

आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की नंतर एक टिपण लिहावं लागतं. किती वाजता काय झालं, आधी काय बदललं होतं, कुणाला कधी कळलं. त्यात माणसाचं नाव लिहायचं नाही असा नियम आहे. नाव लिहिलं की लोक खरं सांगत नाहीत. पोंबालची प्रश्नावली मला त्या टिपणाची पणजी वाटली.

पण त्या गल्लीतला खांब? तोही पोंबालचाच. १७५८ मध्ये राजावर गोळीबार झाला. संशय ताव्होरा नावाच्या बड्या सरदार घराण्यावर आणि आव्हैरोच्या ड्यूकवर गेला. छळ करून कबुलीजबाब काढले. १३ जानेवारी १७५९ ला बेलेंमध्ये त्यांना जाहीरपणे, हाल करून मारलं. त्यात ताव्होरांच्या घरची बाईही होती. ड्यूकचा वाडा पाडून त्या जमिनीत मीठ पेरलं, इथे पुन्हा काही उगवू नये, उभं राहू नये म्हणून. खांबाखालच्या दगडावर तसं कोरलंय. आज भोवती घरं आहेत. एका खिडकीत कपडे वाळत होते.

मालाग्रिदालाही त्याने सोडलं नाही. आधी शहराबाहेर घालवलं, मग कैदेत टाकलं, आणि १७६१ मध्ये, वय बहात्तर असताना, धर्मन्यायालयाकडून पाखंडी ठरवून घेतलं. रोसिओ चौकात गळा आवळून मारलं आणि प्रेत जाळलं. सकाळी मी ज्या चौकातून आलो, तोच.

जमिनीला इतके स्वच्छ प्रश्न विचारणारा हा माणूस. माणसांच्या बाबतीत मात्र उत्तर आधी ठरवायचा आणि प्रश्न छळछावणीत विचारायचा. मला तो आवडायला लागला होता, त्यामुळे त्या बोळात उभं राहणं जड गेलं. प्रश्नावली त्याची, हा खांबही त्याचा. एक ठेवून दुसरं सोडून देता येत नाही.

*

परत आलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. नदीकाठचा मोठा चौक, प्रासा दु कोमेर्सिउ. लिस्बनचे लोक अजूनही त्याला जुन्या नावाने, 'राजवाड्याचं आवार' म्हणतात. राजवाडा त्या दिवशीच गेला. चौकात राजा जुझेचा घोड्यावरचा पुतळा आहे, तंबूत राहणाऱ्या माणसाचा. पुढे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि दोन खांब. १७५५ मध्ये लोक याच काठावर धावत आले होते.

पायऱ्यांवर बसलो. सूर्य पुलाच्या बाजूला उतरत होता. आपल्याकडे सव्वादहा झाले असतील. वडील जागे असतात, बातम्या बघत. मी फोन लावला.

जेवलास का, थंडी आहे का, हे झालं. मग मी म्हणालो, "पप्पा, एक विचारू? भूकंपाचं."

ते काही बोलले नाहीत. टीव्हीचा आवाज कमी झाला.

"धक्का किती वेळ टिकला?"

मला वाटलं, ते विषय बदलतील. नेहमी बदलतात. पण हा प्रश्न कदाचित इतका कोरडा होता, की त्याला उत्तर देता येत होतं. "जास्त नाही," ते म्हणाले. "मिनिटभर पण नसेल. आधी आवाज आला. जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा."

"कोणत्या बाजूनं?"

"नदीकडून. मी देवळाच्या पारावर झोपलो होतो, मिरवणुकीतून येऊन. उठून बसलो तर समोरची पाटलाची भिंत अशी फुगली, आणि बसली खाली."

मी एकेक विचारत गेलो. ते सांगत गेले. धूळ किती वेळ होती. विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं का. आजी ओसरीत होती, तिला कसं काढलं. आणि मग मी विचारलं, "आपलं माळवद कधी पडलं?"

"माळवद?" ते थांबले. "माळवद नंतर पडलं. उजाडायच्या वेळेला परत एक हिसका बसला ना, त्यात. मी आक्काला काढायला आत गेलो तेव्हा वर होतं माळवद. खांब उभे होते. म्हणून तर आत जाता आलं."

"मग आत्या?"

"भिंतीखाली होती. देवळीकडची भिंत. आतल्या अंगाला आली सगळी."

मी काही बोललो नाही. खाली पायरीवर पाणी येऊन जात होतं.

"आबा शेतातून आले तेव्हा सगळाच ढीग झाला होता," ते म्हणाले. "वर मातीच दिसत होती."

"मग त्यांना सांगितलं का नाही कुणी?"

"काय सांगायचं? आक्का तर गेलीच होती. आणि ते मातीचं म्हणायचे, तर आम्हाला वाटायचं, दुःखानं बोलतेत. कशानं गेली, असं कुणी विचारलंच नाही. तूच विचारलास आज."

मला गणित कळतं. वर इतकं वजन असेल तर हिसका बसताना तेच वजन भिंतींनाही ढकलतं. माळवदाचा काहीच संबंध नव्हता, असं मी लिहून देऊ शकत नाही. आबांना पूर्ण मोकळं करणारा पुरावा माझ्याकडे नाही. पण ज्या चित्रासोबत ते एकवीस वर्षं अंगणात झोपले, आपण टाकलेली माती मुलीच्या अंगावर पडतेय, ते चित्र खरं नव्हतं. माती वरच होती. त्यांच्या हातचे खांब उभे होते. त्या खांबांमुळे त्यांचा मुलगा आत जाऊन बहिणीला बाहेर आणू शकला होता.

हे त्यांना सांगायला अकरा वर्षं उशीर झाला होता.

चौकातले दिवे लागले. मला वाटलं, पुरे आता, त्यांना झोपू द्यावं. म्हणालो, "ठेवू का? उशीर झाला तुम्हाला."

"नाही रे," वडील म्हणाले. मागे टीव्ही पूर्ण बंद झाला होता. "त्या कागदात अजून काय काय विचारलं होतं म्हणालास? पुढचा प्रश्न सांग."